सुंता : गरज कुणाची, निर्णय कुणाचा?

जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून एक बातमी आली आणि काही दिवस ती सगळीकडे गाजली. खेळताना पायाला दुखापत झाली म्हणून नऊ वर्षांच्या एका मुलाला तिथे दाखल केले होते. शस्त्रक्रियागृहातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या शिश्नाच्या कातडीवर शस्त्रक्रिया झालेली आढळली. आपल्याला न विचारता हे केले, असा आई-वडिलांचा आरोप होता. मुलाला फायमोसिस होता, म्हणजे कातडीचे तोंड आवळलेले होते, त्यामुळे ही शस्त्रक्रियाही आवश्यकच होती, असे रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले. कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरवण्याचे काम चौकशी करणाऱ्यांचे. माझे लक्ष अडले ते 'आवश्यक' या एका शब्दापाशी.

गेली तीस वर्षे मी एका जिल्ह्याच्या गावी लहान मुलांचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे. या काळात हा शब्द मी असंख्य चिठ्ठ्यांवर वाचला. मूल सर्दी-तापासाठी कुठल्या तरी दवाखान्यात जाते, तपासताना डॉक्टर कातडी मागे सारून पाहतात, ती सरकत नाही, आणि केसपेपरवर लिहिले जाते : 'फायमोसिस. सुंता आवश्यक.' आई-वडील घाबरून दुसरे मत विचारायला येतात. अशा मुलांपैकी बहुतेकांना काहीही झालेले नसते. याउलट, ज्यांना खरोखर उपचारांची गरज असते असे लोक, आणि त्यात मोठी माणसे अधिक, लाजेपोटी वर्षानुवर्षे डॉक्टरची पायरी चढत नाहीत. नको त्या मुलावर कात्री चालते आणि जिथे ती हवी तिथे माणूस घरात दार लावून बसतो, असा हा उलटा व्यवहार आहे.

रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्याकडे मूळव्याधीवर चारचौघांत विनोद होतात, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची चर्चा आता हळदीकुंकवातही होते; पण मुलाच्या या अवयवाबद्दल आई बाबांकडे बोट दाखवते, बाबा पेपरात डोके घालतात आणि आजी म्हणते, मोठा झाला की होईल सगळे नीट. गंमत अशी, की पुष्कळदा आजीचेच खरे असते. पण 'पुष्कळदा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. यातला फरक कसा ओळखायचा, हे प्रत्येक मुलग्याच्या घरात ठाऊक असायला हवे.

कोरड्या बदामाची साल

मुलगा जन्मतो तेव्हा शिश्नाच्या टोकावरची कातडी आतून शिश्नमण्याला चिकटलेलीच असते. नख जसे बोटाला चिकटलेले असते, तशी. हा दोष नाही, निसर्गाची रचना आहे. लंगोटातल्या मलमूत्रापासून त्या नाजूक भागाचे त्यामुळे रक्षण होते. पुढे वर्षे जातात, आतले पापुद्रे आपोआप सुटे होतात, कातडीचे तोंड सैल होते आणि एक दिवस मुलगा आंघोळ करताना ती स्वतःच मागे सारू लागतो. कोरड्या बदामाची साल नखाने काढायला जावे तर बदामाचा टवका निघतो. भिजू दिला की तीच साल बोटाच्या चिमटीत सहज निसटते. इथे भिजवण्याचे काम वय करते.

हे वैद्यकशास्त्राला कळायलाही वेळ लागला. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख लिहिला. नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मुलांची कातडी पूर्ण मागे सरकते आणि तीन वर्षांच्या वयापर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर जाते, असे त्यांनी दाखवले. त्याच लेखात दुसरा एक आकडा होता : त्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुंतेशी संबंधित कारणांनी वर्षाला सरासरी १६ लहान मुले दगावत होती. जी गोष्ट वयाने सुटते तिच्यासाठी मुले दगावावीत, हा हिशेब तिथल्या डॉक्टरांच्या डोळ्यांत भरला. त्यानंतरच्या वर्षांत ब्रिटनमध्ये तान्ह्या मुलांची सरसकट सुंता करण्याची रीत झपाट्याने ओसरली.

गेर्डनर यांचा तीन वर्षांचा अंदाजही पुढे घाईचा ठरला. डेन्मार्कचे डॉक्टर याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली आणि १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ८ टक्के मुलांत कातडीचे तोंड अरुंद होते. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण १ टक्क्यावर आले होते. आतून चिकटलेले पापुद्रे तर त्याहून कितीतरी अधिक मुलांत आढळले आणि तेही वयाबरोबर सुटत गेले. म्हणजे पहिलीतल्या मुलाची कातडी मागे जात नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवणे हे दुधाचे दात अजून पडले नाहीत म्हणून दाताच्या डॉक्टरकडे धाव घेण्यासारखे आहे.

पालकांना घाबरवणाऱ्या दोन गोष्टी आणखी सांगतो. शू करताना कातडीचा फुगा होतो, अशी तक्रार आई हमखास करते. आतले पापुद्रे सुटले आणि तोंड अजून पुरेसे सैल झाले नाही, अशा मधल्या काळात हा फुगा दिसतो. मुलाला दुखत नसेल, कळ येत नसेल आणि धार नीट पडत असेल तर तो आपोआप जातो. दुसरे म्हणजे कातडीखाली दिसणारी पांढरट गाठ किंवा साका. तो पू नव्हे. सुटणाऱ्या पापुद्र्यांच्या पेशी साचून तो तयार होतो आणि वाट मिळाली की बाहेर पडतो. अँटिबायोटिकचे त्यात काही काम नाही.

खरे नुकसान होते ते घाईच्या हातांनी. काही घरांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई तेल लावताना रोज कातडी मागे ओढतात, आणि काही डॉक्टरही 'रोज मागे करत जा' असा सल्ला देतात. ओढल्याने बारीक भेगा पडतात, रक्त येते, भरताना वण होतो आणि जी कातडी आपोआप सुटणार होती ती वणामुळे कायमची आवळते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये याची तीन स्वतंत्र नावे दिली आहेत : आवळलेल्या तोंडाला निरुद्धप्रकश, मागे जाऊन अडकलेल्या कातडीला परिवर्तिका आणि बळजबरीने फाटलेल्या कातडीला अवपाटिका. जबरदस्तीने होणाऱ्या इजेला वेगळे नाव देण्याइतके ते वैद्य सावध होते. तेव्हा नियम साधा : जेवढी सरकेल तेवढीच सरकवावी, बाहेरून पाण्याने धुवावे आणि पुढचे काम वयावर सोपवावे. मुलगा कळता झाला की आंघोळीच्या वेळी स्वतः कातडी हलकेच मागे करून धुवायला आणि आठवणीने पुन्हा पुढे आणायला त्याला शिकवावे.

मग आजार कोणता?

सुंता कधीच लागत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. लागते, आणि लागते तेव्हा ती टाळणे हा मुलावर अन्याय आहे. प्रश्न निदानाचा आहे. निरोगी अरुंद तोंड आणि आजारी अरुंद तोंड यांतला फरक डोळ्यांना दिसतो. निरोगी कातडी हलकेच मागे घेतली तर आतला गुलाबी, मऊ भाग फुलाच्या पाकळीसारखा बाहेर डोकावतो. आजारी कातडीचे टोक पांढरे, जाड, राठ होते, त्याचे कडे बनते आणि ते उघडायला गेले तर आणखीच आवळते. या विकाराचे वैद्यकीय नाव लायकेन स्क्लेरोसस. पाच वर्षांखाली तो क्वचित दिसतो, नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास अधिक. आधी नीट मागे जाणारी कातडी आता जाईनाशी झाली, अशी हकीकत असेल तर डॉक्टरने कान टवकारले पाहिजेत. हा विकार वाढला तर मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत पोहोचतो. इथे सुंता हाच मुख्य उपचार आहे आणि काढलेली कातडी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायला हवी.

असे रुग्ण किती? लिव्हरपूलच्या शल्यचिकित्सकांनी १९९९ मध्ये मांडलेला हिशेब असा, की पंधराव्या वाढदिवसापर्यंत साधारण ०.६ टक्के मुलांना खरा, वणाचा फायमोसिस होतो. हजारांत सहा. त्याच गटातील शल्यचिकित्सकांनी १९८९ मध्येच विचारले होते, की इतक्या मुलांना फायमोसिस आहे म्हणून आमच्याकडे पाठवता, त्यांतल्या कितींना तो खरोखर असतो?

दुसरे कारण वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाचे. एखाद्या वेळी टोक लाल होणे, सुजणे, थोडा पू येणे हे अनेक मुलांत होते आणि साध्या उपचारांनी बरे होते. पुन्हा पुन्हा होत असेल तर विचार करावा लागतो. तिसरे कारण मूत्रसंसर्गाचे आणि इथे आकडे फार बोलके आहेत. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बारा अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. निरोगी मुलांमध्ये एक मूत्रसंसर्ग टाळण्यासाठी १११ मुलांची सुंता करावी लागेल. ज्यांना वारंवार मूत्रसंसर्ग होतो त्यांच्यात ११ मुलांची, आणि ज्यांच्या मूत्रपिंडाकडे लघवी मोठ्या प्रमाणात उलटी चढते त्यांच्यात फक्त ४ मुलांची. शस्त्रक्रिया तीच, पण पहिल्या घरात ती अनाठायी ठरते आणि शेवटच्या घरात मूत्रपिंड वाचवू शकते. 'सुंता चांगली की वाईट' हा प्रश्नच म्हणून चुकीचा आहे. कुणाची आणि कशासाठी, हे विचारायला हवे.

वणाचा विकार नाही, पण मुलगा मोठा झाला, तोंड अरुंदच आहे आणि त्रास होतो, अशा वेळी कात्रीआधी मलम आहे. १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत याचे अनुभव येऊ लागले. बीटामेथासोनसारखे सौम्य प्रमाणातले स्टेरॉइड मलम अरुंद कड्यावर दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे लावायचे आणि हलका ताण द्यायचा. बहुसंख्य मुलांत तोंड सैल होते. मात्र हे मलम डॉक्टरने पाहून, मोजून दिलेले असावे. औषधाच्या दुकानात खाजेसाठी मिळणारी तीन-तीन औषधांची मिश्रणे आपल्या मनाने लावू नयेत. मलमाने भागले नाही तर पूर्ण कातडी न काढता फक्त तोंड रुंद करण्याची छोटी शस्त्रक्रियाही आहे. पुष्कळ पालकांना हा पर्याय सांगितलाच जात नाही.

सुश्रुतसंहितेतही निरुद्धप्रकशावर पहिला उपचार शस्त्राचा नाही. तूप लावलेली दोन्ही बाजूंनी उघडी नळी तोंडात बसवावी, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घ्यावी आणि मार्ग हळूहळू वाढवावा, असे सांगितले आहे, छेद त्यानंतर. ती नळी आज कुणी वापरू नये. पण आधी धीर, मग सौम्य उपाय आणि शेवटी शस्त्र, हा क्रम आजच्या शास्त्रानेही कायम ठेवला आहे.

एका गोष्टीत मात्र धीर धरू नये. कातडी मागे गेली आणि पुढे येईनाशी झाली तर शिश्नमण्याभोवती दोरी बांधल्यासारखा फास बसतो आणि सूज वाढत जाते. तासाभरात डॉक्टर गाठावा. घरी वृद्ध वडिलांना लघवीची नळी घातलेली असेल तर सफाईनंतर कातडी पुन्हा पुढे आणली आहे ना, हे शुश्रूषा करणाऱ्याने रोज पाहावे. ही अडचण मुलांइतकीच म्हाताऱ्यांतही होते.

तीन वादांची एक खिचडी

एवढे जर स्पष्ट आहे तर जगभर या विषयावर एवढा कल्लोळ का? माझ्या मते तीन निरनिराळे वाद एकाच पातेल्यात शिजायला टाकल्यामुळे.

पहिला वाद अमेरिकेतला. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यावर धर्माचा संबंध नसताना बहुतेक तान्ह्या मुलांची सुंता होऊ लागली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९७१ मध्ये सांगितले, की नवजात बाळाची सुंता करण्यास वैद्यकीय कारण नाही. १९९९ मध्ये म्हटले, काही फायदे आहेत, पण सरसकट शिफारस करण्याइतके नाहीत. २०१२ मध्ये म्हटले, फायदे धोक्यांपेक्षा अधिक आहेत, तरीही सरसकट शिफारस नाही, पालकांनी ठरवावे. त्यावर युरोपातील डॉक्टरांच्या मोठ्या गटाने २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात उत्तर दिले, की हा निष्कर्ष शास्त्रापेक्षा तिथल्या रिवाजाच्या प्रभावाखाली आलेला दिसतो. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाला गेलेल्या आपल्याकडच्या आज्यांना हा प्रश्न रुग्णालयातच गाठतो. 'बाळाची सुंता करायची का?' असा प्रश्न परिचारिका लसीच्या वेळापत्रकाइतक्या सहजपणे विचारते. 'नको' म्हणण्यात बाळाचे नुकसान नाही, हे त्यांनी निश्चिंत मनाने लक्षात ठेवावे.

दुसरा वाद आफ्रिकेतला, एचआयव्हीचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा या देशांत प्रौढ पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २००५ ते २००७ या काळात आले. सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाला होता. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे ही साथ सर्वसामान्य लोकांत खोलवर पसरली आहे आणि सुंतेचे प्रमाण कमी आहे अशा देशांसाठी प्रौढांच्या स्वेच्छेच्या सुंतेची शिफारस केली. 'प्रौढांच्या' आणि 'स्वेच्छेच्या' हे दोन शब्द आपल्याकडे येईपर्यंत गळून पडतात. भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. आफ्रिकेतील साथीचा उपाय दाखवून सांगली-साताऱ्यातल्या पाच वर्षांच्या मुलाच्या शस्त्रक्रियेचे समर्थन होत नाही. शिवाय सुंता झालेल्यालाही निरोधची गरज उरतेच.

तिसरा वाद धर्माचा आणि कायद्याचा. २०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाच्या धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवले. डॉक्टरला शिक्षा झाली नाही, पण ज्यू आणि मुस्लिम समाजांत खळबळ उडाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा करून वैद्यकीय नियम पाळून होणाऱ्या अशा सुंतेला परवानगी दिली. २०१८ मध्ये आइसलँडच्या संसदेत बंदीचे विधेयक आले. ते मंजूर झाले नाही. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने लहान मुलांच्या सुंतेला बेकायदा ठरवण्याची मागणी करणारी याचिका फेटाळली. न्यायालय कायदे करणारी संस्था नाही आणि याचिकेचा आधार वृत्तपत्रांतील बातम्यांचा आहे, असे तिथे सांगण्यात आले.

या तिसऱ्या वादात मी इथे शिरत नाही. मुस्लिम कुटुंबांत खतना ही श्रद्धेची बाब आहे. अलिबाग-पेणच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायल समाजात मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. श्रद्धेला वैद्यकीय कारणाचा टेकू लावण्याची गरज नाही आणि श्रद्धेबद्दलच्या रागाला वैद्यकीय आक्षेपाचा मुखवटाही नको. डॉक्टर म्हणून माझे मागणे एवढेच, की ती जिथे होईल तिथे हत्यारे निर्जंतुक असावीत आणि वेदना कमी करण्याची सोय असावी. घरात रक्त न थांबण्याचा विकार आहे का, हे आधी विचारावे. बाळाच्या लघवीचे भोक टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता थांबवावी. त्या जन्मजात दोषाच्या दुरुस्तीला शल्यचिकित्सकाला तीच कातडी लागते. हा शेवटचा नियम धर्म विचारत नाही.

लाज आणि भीती

पण धर्माची सावली वैद्यकीय निर्णयावर पडते, हे नाकारून चालणार नाही. फाळणीच्या काळात आणि पुढच्या दंगलींतही माणसाचा धर्म ओळखण्यासाठी त्याचे कपडे उतरवले गेले. ही आठवण घराघरांत कुजबुजीच्या रूपाने शिल्लक आहे. हिंदू घरातील मुलाला खरोखर सुंतेची गरज आहे असे मी सांगतो तेव्हा आई पहिल्यांदा विचारते, 'डॉक्टर, दुखेल का?' आजोबांचा प्रश्न थोड्या वेळाने येतो, तोही दाराआड : 'पुढे लोक काय समजतील?' या भीतीला मी हसत नाही. पण वणाने आवळलेले मूत्रमार्गाचे तोंड लोक काय समजतात याची वाट पाहत नाही. आजार सगळ्यांच्या घरी एकाच रीतीने येतो. एका जमातीत ही शस्त्रक्रिया विधी आहे म्हणून दुसऱ्या जमातीतल्या मुलाने आजार अंगावर काढावा, यात कोणत्याच धर्माचे रक्षण होत नाही.

मोठ्या पुरुषांची कहाणी वेगळी. ज्याला आयुष्यभर त्रास नव्हता त्याची कातडी चाळिशी-पन्नाशीत आवळू लागली, तिला भेगा पडू लागल्या, खाज सुटू लागली, तर सर्वांत आधी रक्तातील साखर तपासावी. पुष्कळांना आपल्या मधुमेहाचा पत्ता इथेच लागतो. अलीकडे याला एक नवा पदर आला आहे. मधुमेहावरील काही गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये संपली आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मार्च २०२५ मध्ये. अनेक भारतीय कंपन्यांनी त्या स्वस्तात आणल्या. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा मोठा फायदा आहे. पण लघवीत साखर आली की कातडीखाली बुरशीला आयते अन्न मिळते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रोज धुऊन जागा कोरडी ठेवावी आणि त्रास झाला तर ज्याने गोळी दिली त्याच डॉक्टरला स्पष्ट सांगावे. साखर आटोक्यात आली आणि मलम लावले, तर अनेकांची शस्त्रक्रिया टळते.

आणि कातडीखाली न भरणारी जखम, गाठ किंवा दुर्गंधीचा स्राव असेल तर एक दिवसही थांबू नये. शिश्नाचा कर्करोग फार आढळत नाही, पण आवळलेली कातडी हे त्याचे एक ठळक कारण आहे, आणि ती मागेच जात नसल्याने आत काय चालले आहे ते दिसत नाही. माझ्याकडे नातवाला घेऊन येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी एकदा जाता जाता विचारले, 'मोठ्यांसाठी कोणाला दाखवावे?' दोन वर्षे त्यांनी बायकोलाही कळू दिले नव्हते. शल्यचिकित्सकाकडे पोहोचेपर्यंत अवयवाचा बराच भाग काढावा लागला. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर कदाचित फक्त कातडीवर भागले असते.

सहीआधीचे प्रश्न

आता पुन्हा त्या 'आवश्यक' शब्दाकडे येऊ. या शब्दाला पैशाचीही बाजू आहे. जुन्या मेडिक्लेम पॉलिसींत सुंता वगळलेल्या बाबींत असे. आजारावरील उपचार म्हणून किंवा अपघातामुळे गरज असेल तरच ती मान्य होई. म्हणजे कागदावर 'आवश्यक' लिहिले की दार उघडते. शहरांतून तर लेझर आणि स्टेपलरने 'तीस मिनिटांत सुटका' अशा जाहिराती दिसतात. यंत्र नवे आहे की जुने, हा पुढचा प्रश्न. सुटका नेमकी कशापासून, हे जाहिरात सांगत नाही. भूल, रक्तस्राव, संसर्ग, आणि तान्हेपणी केली तर पुढे मूत्रमार्गाचे तोंड अरुंद होण्याची शक्यता, ही किंमत लहान असली तरी ती मुलगा मोजतो.

कायदा याबाबत पालकांच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी चालत नाही, जिवावर बेतलेला प्रसंग सोडून. छापील फॉर्मवरची सही म्हणजे संमती नव्हे.

म्हणून सही करण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. आजाराचे नाव काय आणि तो कशावरून ठरवला. वण दिसतो आहे की नुसती कातडी मागे जात नाही? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? मलम वापरून पाहिले का? आणि पूर्ण सुंतेऐवजी दुसरी छोटी शस्त्रक्रिया चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर बालशल्यचिकित्सकाचे मत घ्यावे. अडकलेली कातडी किंवा तुंबलेली लघवी सोडली, तर यात अशी घाई क्वचितच असते. मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल तर त्यालाही समोर बसवून सांगावे. शरीर त्याचे आहे आणि त्याला आपण समजतो त्याहून अधिक कळत असते.

डॉक्टरांकडून अपेक्षा याहून मोठी आहे. 'आवश्यक' लिहिताना त्यापुढे एक ओळ कारणाची लिहावी : कडे पांढरे आहे, मलम आठ आठवडे वापरले, संसर्ग तीनदा झाला, सोनोग्राफीत अमुक दिसले. ती ओळ लिहिता येत असेल तर शस्त्रक्रिया निःशंकपणे करावी आणि पालकांनीही निःशंकपणे करू द्यावी. ती ओळ लिहिता येत नसेल, तर मुलाला घरी पाठवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे.